वक्तृत्व मंडळ वाढवावे कसे ?

सभेस जागा मिळते, सतरंजी मिळते, ध्वनिक्षेपकही मिळतो. मिळत नाही तो श्रोता, आणि त्याहून दुर्मिळ तो बोलणारा. भाषणाचा सराव करविणारी मंडळे ठिकठिकाणी निघतात व वर्षा-दोन वर्षांत मिटतात. दोष आपण गावाच्या औदासीन्यावर टाकून मोकळे होतो. आमच्या मते तो पुष्कळसा आपणा सभासदांचाच आहे.

पुण्यास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. रानडे १९०१ साली वारले. पण वक्तृत्वोत्तेजक सभेने चालविलेली ही माला त्यांच्यामागे शंभरांहून अधिक वर्षे चालत आली आहे. ऋतू ठरलेला, त्यामुळे वसंत आला की व्याख्याने असणारच हे लोकांना न सांगता कळते. याउलट गोष्ट अमेरिकेतील राल्फ स्मेडली या गृहस्थांची. इलिनॉय प्रांतातील ब्लूमिंग्टन येथे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तरुणांस भाषण व सभाचालन शिकविणारा वर्ग काढला. पुढे नोकरीनिमित्त ते गावोगाव फिरले, तेथेही असे वर्ग काढले; परंतु ते गाव सोडून गेले की मागचा वर्ग ओसरून जाई. १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे काढलेले मंडळ मात्र रुजले, आणि आज त्या ‘टोस्टमास्टर्स’च्या शाखा जगभर आहेत. त्यांच्या सभेची रीत पाहण्याजोगी आहे : कोणी घड्याळ लावून वेळ मोजतो, कोणी भाषणाचे गुणदोष सांगतो, कोणी सूत्रे सांभाळतो. ज्याच्याकडे काम आहे तो सभा चुकवीत नाही, हे आपणही जाणतो. मग आपल्याकडे सारी कामे अध्यक्ष व चिटणीस या दोघांच्याच गळ्यात का ?

आता जाहिरातीचे. आमचाच एक अनुभव सांगतो. एकदा आम्ही पत्रके छापली, भिंतींना डकविली, शाळेच्या फळ्यावर सूचना लिहविली. सभेस आलो आम्ही कार्यकारिणीचे सात जण, आणि आमच्यापैकी एकाकडे मुक्कामास आलेले पाहुणे ! दिवस रोवणीचे, सारे गाव बांधीच्या चिखलात, आणि आम्ही विषय ठेवला होता ‘लोकशाही व वाणी’. पुढल्या खेपेस भाऊबीजेनंतर, मंडईचे दिवस आटोपल्यावर, आम्ही घरोघर गेलो. प्रत्येकाने एकाच माणसास आणावयाचे असे ठरले. विषय होता ‘धानावर तुडतुडा पडला तेव्हा मी काय केले’. त्या रात्री बोलावयास कोणी भ्याले नाही. उलट दोघांना तर हाताला धरून खाली बसवावे लागले. (वेळ मोजणाऱ्याची गरज आम्हांस त्याच दिवशी पटली.)

गाडगेमहाराजांनी कीर्तनाची पत्रके वाटली असतील असे आम्हांस वाटत नाही. गावात यावयाचे, खराटा घेऊन दिवसभर रस्ते झाडावयाचे आणि रात्री कीर्तनास उभे राहावयाचे, ही त्यांची रीत. झाडणारा माणूस दिवसभर गावाने पाहिलेला असे, म्हणून रात्री गाव ऐकावयास बसे. शिवाय ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत व त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. आपल्या सभासदानेही प्रथम गावाच्या उपयोगी पडावे : कोणाचा अर्ज लिहून द्यावा, शाळेतल्या मुलांची भाषणे बसवून द्यावी, लग्नकार्यात दोन शब्द बोलावयास अडलेल्यास मदत करावी. तोच माणूस पुढे आपणहून विचारील, ‘तुमची सभा केव्हा असते ?’

खैरलांजीकडील आणखी एक अडचण भाषेची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला व शेजारचा भंडारा पलीकडे गेला. घरी मराठी किंवा पोवारी, शाळेत व कचेरीत हिंदी, असा येथला व्यवहार. आपली बोली सभेत शोभणार नाही या भीतीने पुष्कळ जाणती माणसे गप्प बसतात. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो त्या भाषेत त्याने प्रथम बोलावे, असा नियमच मंडळाने करावा. व्याकरणाच्या चुका पहिल्या तीन भाषणांत कोणी काढू नयेत. आमच्यातील काही विद्वान सभासदांस हे रुचत नाही, पण त्यांच्या एका शेऱ्याने गेलेला माणूस दहा पत्रकांनी परत येत नाही.

आणि स्त्रियांचे काय ? या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही निवडून आली बाई आणि ग्रामसभेत बोलतो तिचा नवरा, हा प्रकार आपण डोळ्यांनी पाहतो. रस्ता, नळ, रेशन यांचा निवाडा जेथे होतो तेथे तिचा आवाज नाही. अशा भगिनीस केवळ निरोप धाडून ती येणार नाही. सभासदाने आपल्या आईस किंवा पत्नीस घेऊन तिच्या घरी जावे, सभा दिवसाउजेडी ठेवावी, पहिल्या दिवशी तिला बोलावयास न लावता केवळ घड्याळ धरावयास द्यावे. दुसऱ्या खेपेस वक्त्याचे आभार मानावयास सांगावे. आभाराचे भाषण चार वाक्यांचे असते. ग्रामसभेत हातपंपाविषयी उठून विचारावयास तितकीच वाक्ये लागतात.