आठ काढता येतो का?

आमच्या शेलारमध्ये पोरगं दहावी पास झालं की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला, सायन्स की डिप्लोमा? दुसरा, गाडी कधी शिकणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत आधीच मिळालेलं असतं, कारण पोरगं आठवी-नववीतच काकाच्या स्कूटरवर दूध आणायला जायला लागलेलं असतं. मीही त्यातलाच. त्यामुळे हा लेख कुणा शहाण्याने लिहिलेला नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

शेलार म्हणजे भिवंडीला लागून, नदीनाक्याच्या पलीकडे, वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. नकाशावर गाव, प्रत्यक्षात गोडाऊन, यंत्रमाग आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. रस्त्यावर सायकल, रिक्षा, छोटा हत्ती, डंपर आणि चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर हे सगळे एकाच वेळी असतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला लायसन्स हे कॉलेजला गाडी नेण्यासाठी लागतं. आमच्याकडे ते या गर्दीत उतरण्यासाठी लागतं.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. ट्रक, टेम्पो, टॅक्सी अशी व्यावसायिक गाडी असेल तर २०. एक सवलत आहे, ५० सीसीपर्यंतची दुचाकी १६ व्या वर्षी चालवता येते, त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. "सोळाव्या वर्षी विदाउट गिअर चालतं" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि त्यावरच आपल्यातले निम्मे फसलेत. चालतं, पण ५० सीसीच! किनेटिकची लूना १९७२ साली आली तेव्हा ती ५० सीसीची होती, त्या काळी या सवलतीला अर्थ होता. आज घराघरात उभ्या असलेल्या स्कूटर १०० ते १२५ सीसीच्या आहेत. म्हणजे सवलत कायद्यात आहे, पण ती वापरायची गाडीच दुकानात मिळणं कठीण. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी बॅटरीची गाडी मात्र नियमानुसार मोटार वाहनात मोडतच नाही, तिला लायसन्स लागत नाही. पण मोटर बदलून घेतली की ती सवलत गेली, हे दुकानदार सांगत नाही.

मला हे सगळं सोळाव्या वर्षी माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की पप्पांची स्कूटर दारात आहे आणि चावी खिळ्याला आहे.

एका संध्याकाळी वाडा रोडने घरी येत होतो. पुढे एक ट्रेलर. तो हळू झाला आणि उजवीकडे सरकला. डावीकडे मोकळी जागा दिसली, मला वाटलं भाऊने आपल्याला साईड दिली. मी आत घुसलो. आणि मग त्याचं पुढचं तोंड डावीकडे, गोडाऊनच्या गेटकडे वळायला लागलं. मागचा कंटेनर माझ्या अंगावर भिंत सरकावी तसा सरकत आला. मी पुढचा ब्रेक जोरात दाबला, खाली खडी होती, गाडी गेली एकीकडे आणि मी दुसरीकडे. ट्रेलरची मागची चाकं माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. ड्रायव्हरला कळलंसुद्धा नसेल, कारण त्या जागेवर मी त्याच्या आरशात नव्हतोच. टपरीवरच्या काकांनी उचललं, पाणी दिलं आणि पाण्याबरोबर दोन शिव्या दिल्या. घरी मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. पप्पांनी स्कूटरची वाकलेली बाजू बघितली, माझ्या कोपराकडे बघितलं आणि खिळ्यावरची चावी काढून कपाटात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत.

त्या ट्रेलरने उजवीकडे का घेतलं, हे मला दुसऱ्या वर्षाला आल्यावर नीट कळलं. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा थोडं गणित करू. ओल्या चाकांची सायकल वळवून बघा, मागच्या चाकाचा ठसा पुढच्या चाकाच्या आतून जातो. ट्रेलरमध्ये हेच दोनदा घडतं, एकदा पुढच्या ट्रॅक्टरचं आणि एकदा मागच्या कंटेनरचं. समजा पुढचं चाक १३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतंय, ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर आणि कंटेनरच्या जोडापासून मागच्या चाकांपर्यंतचं ८ मीटर. पायथागोरस लावा, १३ चा वर्ग उणे ४ चा वर्ग उणे ८ चा वर्ग, म्हणजे ८९. त्याचं वर्गमूळ साधारण ९.४. गाडी तशीच फिरत राहिली तर मागची चाकं पुढच्यापेक्षा साडेतीन मीटर आतून जातील! काटकोनी वळणात हे थोडं कमी होतं, पण गेटच्या खांबाला किंवा एखाद्या स्कूटरवाल्याला पुरेसं आहे. म्हणून तो आधी उजवीकडे जाऊन जागा करून घेतो. ती जागा त्याच्या मागच्या चाकांसाठी असते, आपल्यासाठी नाही. लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न मला आला नाही. आमच्या रस्त्यावर तो रोज येतो.

आता मी पडलो त्या दिवशी मी कुणाला धडकलो असतो तर? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्सच मिळत नाही. "मला माहीतच नव्हतं" हे पालकाने स्वतः सिद्ध करायचं असतं, आणि चावी खिळ्याला टांगलेली असेल तर ते कसं करणार? विम्याचं आणखी वेगळं. लायसन्स नसलेल्याने अपघात केला तर विमा कंपनीला जखमीला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणजे माझ्या एका चुकीत पप्पांची कैद, गाडी आणि घरातली बचत तिन्ही अडकलेलं होतं. मी मात्र कोपराला हळद लावून बसलो होतो.

अठरा पूर्ण झाल्यावर पहिलं काम लर्निंग लायसन्सचं. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डाच्या आधारे हे घरबसल्या होतं. 'सारथी' पोर्टलवर अर्ज, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र म्हणजे फॉर्म १, मग परीक्षा. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? सगळे न बघता 'होय' लिहितात. मीही लिहिलं. मग सहज म्हणून अंगणात पंचवीस मोठी पावलं मोजून उभा राहिलो, तर नंबर पुसट! पंधरा दिवसांनी चष्मा लागला. तेव्हा हा प्रश्न अर्ज भरण्याआधी करून बघा, फुकट आहे.

परीक्षा चिन्हांची आणि नियमांची असते, पास व्हायला ६० टक्के लागतात. पाठ करण्यापेक्षा आकार लक्षात ठेवा. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधान, चौकोन म्हणजे माहिती. 'थांबा' एकटाच अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण, म्हणजे चिखलाने रंग झाकला तरी कळावेत. घरून परीक्षा देण्याबद्दल माझं मत चांगलं नाही. शेजारी दादा बसून उत्तरं सांगतो आणि कार्ड मिळतं. रस्त्यावर दादा शेजारी नसतो.

लर्निंग मिळालं म्हणजे गाडी मिळाली असं नाही. हे कार्ड सहा महिने चालतं आणि त्याला अटी आहेत. पक्कं लायसन्स असलेला माणूस सोबत हवा, तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला. दुचाकीवर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, मैत्रिणीला तर नाहीच. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', पाटी निदान १८ सेंटीमीटर चौरस. पोरांना 'एल' लावायची लाज वाटते. मला तर ती पाटी आवडायची, मागचा डंपरवाला जरा लांब राहायचा.

मी मोटरसायकल शिकलो ती पप्पांना मागे बसवून. दोन वर्षांनी चावी कपाटातून निघाली. आजोबा ओट्यावर बसलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "गारी चालवाला सगल्यांना येतं, थांबवाला येतं का रं?" मला तेव्हा हसू आलं. पण पुढे हिशोब केला. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, ११ मीटर गेले. मग कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.७ धरला तर, थांबायला आणखी ९ मीटर. एकूण २०. ताशी ६० ला तेच ३७ होतात, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. पावसात घर्षणांक ०.४ वर आला तर ६० ला ५२ मीटर! आणि खडीवर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच देता येते. दुचाकीला आठ काढायचा, पाय टेकवायचा नाही. ताशी ८०ला गाडी पळवणारे इथे पडतात, कारण वेगात गाडी स्वतःच सरळ राहते, सावकाश चालवताना तिला आपण सांभाळावं लागतं. पहिल्या वेळी दुसऱ्या वळणाला माझा पाय टेकला. साहेबांनी मान हलवली, झालं. नापास झालं की किमान सात दिवस थांबायचं आणि तीनदा नापास झालात तर साठ दिवस. ते सात दिवस मी घरामागच्या मोकळ्या जागेत दोन विटा ठेवून आठ काढले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. नजर पुढच्या विटेच्या पलीकडे ठेवली, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलकासा दाबलेला, की गाडी आपोआप वळते. चारचाकीला रिव्हर्स आणि चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलणं, या दोन गोष्टींची तयारी करा, बाकी मोटार ट्रेनिंगवाले करून घेतात.

एका एजंटाने "तू फक्त फोटोला ये" असंही सांगितलं होतं. पप्पांनी विचारलं, "आणि ट्रेलरच्या बाजूला कोण येणार, तू?" एजंट हसला, पप्पा हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की कुत्र्याची गोष्ट त्यांनी कधीच खरी मानली नव्हती.

फीबद्दल मुलं विचारतात म्हणून. २०१६ च्या डिसेंबरातल्या केंद्रीय दरांनुसार लर्निंगला प्रत्येक वर्गाचे १५०, त्याच्या परीक्षेचे ५०, पक्क्या टेस्टचे प्रत्येक वर्गाला ३०० आणि लायसन्सचे २००, स्मार्ट कार्डासारखे खर्च वेगळे. भरण्याआधी पोर्टलवरचा आकडा बघून घ्या. गिअरची दुचाकी आणि चारचाकी एकाच अर्जात घातल्या तर हेलपाटे वाचतात. फक्त विनागिअरचं लायसन्स काढून मित्राची बुलेट चालवणं म्हणजे लायसन्स नसल्यासारखंच. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत पोलिसांना दाखवता येते, ही सोय २०१८ पासून आहे.

माझं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा मी कॉलेजला होतो. आईने देव्हाऱ्यासमोर ठेवलं होतं. धाकट्या बहिणीला नुकतं सतरावं लागलंय. ती परवा विचारत होती, चावी कुठे असते. मी तिला मागच्या अंगणात नेऊन त्या दोन विटा दाखवल्या आणि तिची सायकल बाहेर काढली. पहिल्याच दिवशी तिने पाय न टेकता आठ काढला.