धूर पाहिजे की दम? टर्बो ट्रॅक्टरच्या पंपाचा खर्च

सौंसरात कुठल्याही ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दुकानापुढं तासभर बसा, हे वाक्य कानावर पडणारच: "भाऊ, पंप थोडा वाढवून द्या ना, गाडी उचलतच नाही." मिस्त्री पाना घेतो, पंपावरच्या सीलची तार कापतो, नट ढिला करून स्क्रू पाव फेरा फिरवतो. सायलेन्सरातून काळा भपका निघतो आणि मालकाचा चेहरा खुलतो. मजुरी ३०० ते ५०० रुपये, वर चहा. या धंद्यातलं एवढं स्वस्त काम दुसरं नाही. त्याचं खरं बिल मात्र उन्हाळ्यात येतं.

आमच्या घरी ते आलं होतं. संत्र्याच्या बागेत रोटाव्हेटर लावला की आमचा टर्बो ट्रॅक्टर दम टाकायचा. एका मिस्त्रीनं पंप वाढवला, दोन महिन्यांनी आणखी वाढवला. मे महिन्यात इंजिन खोललं तेव्हा एका पिस्टनच्या डोक्यावर कडेला वितळून खळगा पडलेला होता. पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम आणि मजुरी धरून नव्वद हजारांच्या वर गेले. मूळ दुखणं निघालं ते असं: टर्बोतून इंजिनाकडं हवा नेणाऱ्या रबरी पाइपला, क्लॅम्पच्या अगदी खाली, नखाएवढी चीर होती. पाइपची किंमत साडेचारशे. चीर वरून दिसत नव्हती. साबणाचं पाणी लावून इंजिनाला लोड दिला की तिथं बुडबुडे आले असते. कुणी लावलंच नाही.

एक किलो डिझेल जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. काळा धूर न काढता, सगळीकडं सारखं जळायचं तर प्रत्यक्षात अठरा-वीस किलो द्यावी लागते. टर्बोचं काम ही हवा दाबून आत भरायचं. हवा कमी पडत असताना पंप वाढवला की जास्तीचं डिझेल थोडं जळतं, थोडं काजळी होऊन बाहेर जातं, आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बोची चाकी सगळं तापतं. म्हणजे काळा धूर हे ताकदीचं लक्षण नाही. सायलेन्सरातून जाणारे ते तुमचेच पैसे आहेत. त्यात आपला उन्हाळा. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ९ टक्के पातळ असते. डिसेंबरात "बरोबर" बसवलेला पंप मे महिन्यात आपोआप जास्तीचा होतो.

गंमत अशी की बर्फाच्या देशांत हेच दुखणं उलट्या बाजूनं येतं. तिकडं बर्फावर धावणारी स्नोमोबाईल पेट्रोलवर चालते, आणि २०२० च्या मॉडेलपासून स्की-डू या ब्रँडनं तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यातूनच टर्बो दिला, कारण उंच डोंगरावर हवा विरळ होते. तिथले हौशी लोक बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवतात आणि पेट्रोल कमी पडलं की पिस्टन जाळून घेतात. पेट्रोल इंजिन इंधन कमी पडलं की तापतं, डिझेल इंजिन इंधन जास्त झालं की. म्हणून मोबाइलवर कुठल्यातरी गाडीचा व्हिडिओ बघून तीच सेटिंग आपल्या ट्रॅक्टरला करायला सांगू नका.

आता पैशांचं. पुढचे आकडे तीन सिलिंडरच्या, चाळीस ते पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचे, अदमासाचे आहेत. कंपनी, मॉडेल आणि ओरिजिनल की लोकल माल यावर ते वरखाली होतात. दुकानदाराकडून आधी कागदावर लिहून घ्या.

सगळ्यात आधी हवेवर आणि फिल्टरांवर खर्च करा. एअर फिल्टर ४०० ते १२०० रुपये, डिझेल फिल्टरची जोडी ३०० ते ८००, टर्बोचे पाइप आणि क्लॅम्प मिळून ५०० ते १५००. कपाशीच्या शेतात आणि रोटाव्हेटरच्या धुळीत चाललेल्या ट्रॅक्टरचा फिल्टर काढून उन्हात धरून बघा. प्रकाश पलीकडं दिसला नाही तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं. हवा मारून तोच फिल्टर चार हंगाम वापरणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांचीच गाडी "उचलत नाही". काही पंपांवर बूस्टच्या दाबानं डिझेल वाढवणारी डबी असते, आत एक रबरी पडदा. तो फाटला तर टर्बो चांगला असूनही डिझेल वाढत नाही. पडदा काहीशे रुपयांत येतो, पण तो बघायची तसदी न घेता स्क्रू फिरवला जातो.

मग नोझल. प्रत्येकी ५०० ते १०००, दाब तपासून बसवायची मजुरी वेगळी. नोझल फवारा मारण्याऐवजी धार सोडत असेल तर धूर निघतो आणि लोकांना वाटतं पंप बिघडला.

त्यानंतर पंप. आपल्याकडं म्हातारे मिस्त्री अजून 'मायको पंप'च म्हणतात, कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं तरी. पंप खरा बसवायची जागा म्हणजे कॅलिब्रेशनचं बेंच. तिथं मोटरवर पंप फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचं डिझेल काचेच्या वेगवेगळ्या नळीत पडतं. हजार स्ट्रोकला किती सीसी, ते मोजतात. तिन्ही नळ्यांत पातळी सारखी हवी आणि ती कंपनीच्या तक्त्याशी जुळायला हवी. उभं राहून बघा, कुणी अडवत नाही. आमच्या पंपाच्या तीन नळ्या मी बघितल्या तेव्हा मधली बोटभर वर होती, आणि वितळलेला पिस्टन मधलाच होता. बेंचची मजुरी ३ ते ६ हजार, एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलले तर सिलिंडरमागं आणखी हजाराच्या आसपास. पंप नागपूरला किंवा छिंदवाड्याला न्यावा लागला तर एक दिवस आणि बसभाडं धरा. काम झालं की आकड्यांची स्लिप मागा आणि सील नवं लावून घ्या.

टर्बो शेवटी. इनलेटचा पाइप काढून चाकीचा दांडा बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलला तर चालतं, आतबाहेर हलता कामा नये आणि चाकी घराला घासता कामा नये. पाइपात तेल ठिबकत असेल, निळा धूर असेल तर टर्बोचं सील गेलं असू शकतं. आतला कोर बदलायला ५ ते ९ हजार, नवा टर्बो १२ ते २५ हजार. एक खर्च लोक हमखास वाचवायला जातात: टर्बोला तेल देणारी बारीक नळी साफ करणं आणि इंजिन ऑइल बदलणं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे मारतो तो तेलाच्या पातळ थरावर. घाण तेलानं जुना टर्बो खाल्ला असेल तर नवाही खाणारच. ऑइल आणि फिल्टरचे अडीच-तीन हजार त्याच दिवशी द्या.

बूस्ट वाढवायला वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची, दांडी आखूड करून देणारे आहेत. मजुरी ५०० ते १०००. गेज न लावता हे करू देऊ नका, आणि खरं तर करूच नका. बूस्टचं गेज हजार-दीड हजारात येतं, धुराचं तापमान दाखवणारं ३ ते ५ हजारात. ज्याला प्रयोगच करायचे आहेत त्यानं आधी हे दोन लावावेत. बहुतेक जण त्यावरचे आकडे बघूनच थांबतात.

हे सगळं स्क्रूच्या पंपाचं झालं. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागू झाले आणि तिथं कॉमन रेलचा कॉम्प्युटर आला. संत्रा घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाणारे पिकअपही तसेच. तिथं पाना चालत नाही, लॅपटॉप लागतो. रीमॅपचे, म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग बदलायचे, १० ते २५ हजार घेतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत जादा काजळी धुराच्या फिल्टरमध्येच तुंबते आणि इंजिन स्वतःच ताकद तोडतं. कॉमन रेलचा एक इंजेक्टर नवा घ्यायचा तर दहा-पंधरा हजारांच्या पुढं. सिल्लेवानीच्या घाटात टॉप गिअरवर चढायच्या हौशीपायी एवढा जुगार मला झेपत नाही. गिअर एक कमी टाका.

डिझेलचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून इथं करतो. वाढवलेल्या पंपानं तासाला अर्धा लिटर जास्त खाल्लं, वर्षाला ६०० तास ट्रॅक्टर चालला आणि लिटर ९२ रुपये धरलं, तर २७,६०० रुपये झाले. फिल्टर, पाइप, नोझल आणि बेंचचं पूर्ण काम यापेक्षा कमीत होतं. भाड्यानं नांगरटी करणाऱ्याचे तास तर याच्याही वर जातात.

कागदपत्रांकडं लक्ष असू द्या. सील तोडलेला पंप दिसला की कंपनीची वॉरंटी हातची जाऊ शकते, म्हणून वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा पाना लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं गाडीत मनमानी बदलाला मनाई आहे, आणि कलम १८२ए प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रॅक्टरवरचा आणि त्याच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. बिलात जुना दर लावला असेल तर विचारा. बिल नको म्हटल्यावर "दोनशे कमी करतो" म्हणणाऱ्याकडून टर्बो घेऊ नका, कारण नकली कोरची तक्रार करायला हातात काहीच उरत नाही.

आपण मध्य प्रदेशातली, सीमेवरची माणसं, पार्ट नागपूरला घेतो आणि बिघडतो तो इकडं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान महाराष्ट्रात असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. बिल, बेंचची स्लिप आणि जुना काढलेला भाग जपून ठेवा. जुना टर्बो भंगारात हजार रुपये देईल, पण निकाल लागेपर्यंत तो घरीच, पोत्यात गुंडाळून, बैलांच्या गोठ्यात राहू द्या.