नातीच्या गादीपायी कळलेलं

१. वास गेला म्हणजे सगळं गेलं, असं नसतं. फोमच्या नव्या गादीचा उग्र वास चार-आठ दिवसांत विरतो आणि आपण निर्धास्त होतो. २०१४ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळण्याच्या गाद्या तपासल्या. नव्या गाद्यांतून हवेत मिसळणारी रसायनं जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि अंगाच्या उबेनं ती वाढतात असंही दिसलं. बाळाचं नाक तर गादीपासून जेमतेम वीतभर! तेव्हापासून नवी गादी आली की प्लास्टिक काढून बरेच दिवस गॅलरीत उघडी राहते.

२. पण म्हणून जुनी गादी निर्धोक, असंही नाही. आमच्या चिपळूणच्या पावसात कापसाची गादी ओल धरते. धुळीतले सूक्ष्म किडे पाणी पीत नाहीत. हवेतला दमटपणा शोषतात आणि आपल्या कातडीच्या कोंड्यावर पोसतात. पहाटे नातीला एकामागून एक शिंका यायच्या, चोळून चोळून नाक लालबुंद व्हायचं. त्रास मुख्यतः किड्यांच्या विष्ठेचा असतो, त्यामुळे ते मेले तरी तो संपत नाही. ऊन दाखवायचं, बदडून धूळ झाडायची आणि तेवढा वेळ पोरीला आत ठेवायचं. पिंजारी कापूस पिंजायला बसला की आम्ही तिला शेजारी धाडतो.

३. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की किडे मरतात. कोमट पाण्यात बरेचसे तगतात.

४. ‘ऑरगॅनिक’ कापसाला किड्यांचं वावडं नाही. ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० च्या पहिल्या वर्गाची खूण असेल, तर तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचे रसायनांचे कडक निकष पाळलेत एवढं कळतं. तेवढंही मला मोलाचं वाटतं.

५. सगळ्यात हादरले ते डांबरगोळ्यांनी. पिढ्यान् पिढ्या आपण बाळंतविड्याची दुपटी, गोधड्या त्यांच्यासोबत ट्रंकेत ठेवत आलो. काही बाळांत जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असतं. गोळ्यांतल्या नॅप्थलिननं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ जिवावर बेतू शकते. आणि बाळाकडे नुसतं पाहून हे कळत नाही. आमच्या ट्रंकेत आता कडुलिंबाचा वाळका पाला असतो. कुणाकडून प्रेमानं आलेली गोधडी असली, तरी ती आधी धुवून, उन्हात वाळवून, गोळ्यांचा वास पुरता गेल्यावरच पाळण्यात जाते.