एकाच चुलीवर कमी पिष्टाचे भोजन

शेतकरी कुटुंबाच्या आहाराचा विचार करताना आजवर आपण प्रामुख्याने एकच प्रश्न विचारीत आलो. घरात वर्षाचे धान्य आहे किंवा नाही, हा तो प्रश्न होय. पोटभर भाकरी मिळणे हीच जेव्हा विवंचना होती तेव्हा तो रास्तही होता. आता त्याच्या जोडीस दुसरा प्रश्न उभा राहिला आहे. ताटात भाकरी, भात व बटाटा यांखेरीज काय आहे, हे पाहण्याची वेळ आली आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरील लोकांचे प्रमाण खेड्यात व शहरात जवळजवळ सारखेच आढळले, ही गोष्ट ग्रामीण कार्यकर्त्याने विशेष ध्यानात ठेवावी. मधुमेह हा केवळ शहरी लोकांचा विकार आहे, हा समज आता सोडून द्यावा लागेल.

घरातील एखाद्या वडील माणसास मधुमेह निघाला की गृहिणी पहिले काही दिवस त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करते. परंतु तिला शेतकाम, गुरांची वैरण व मुलांची शाळा हेही सांभाळावयाचे असते. सबब दुसरी चूल फार दिवस टिकत नाही आणि पथ्यही तेथेच संपते. म्हणून वेगळा स्वयंपाक न करता, सर्वांसाठी एकच स्वयंपाक करून प्रत्येकाचे ताट वेगळे कसे वाढावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

पिष्ट कोठे असते?

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे व साखरेचे पचन होऊन त्यांची रक्तात शर्करा होते. मधुमेही शरीरास ही शर्करा नीट वापरता येत नाही. त्यामुळे ती रक्तात साचून राहते आणि कालांतराने डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा व हृदय यांस अपाय करते. अमेरिकेतील मधुमेह संस्थेने २०१९ साली तज्ज्ञांचे मत एकत्रित करून असे नमूद केले की, आहारातील एकूण कर्बोदके, म्हणजे पिष्ट व साखर, कमी केल्याने रक्तशर्करा आटोक्यात येते, यास सर्वांत अधिक पुरावा आहे.

१०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीत ती सुमारे ७० ग्रॅम आणि बाजरी व गहू यांत ६५ ते ७० ग्रॅम असतात. साबुदाण्यात तर ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असून प्रथिने नावालाही नसतात. पोहे, मुरमुरे, रवा, शेवया, पाव व बिस्किटे ही सर्व तांदूळ व गहू यांचीच रूपे होत. बटाट्यात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे १०० ग्रॅममध्ये १५ ते २० ग्रॅमच कर्बोदके असतात. परंतु आपण तो भाजी म्हणून भाकरीसोबत खातो, म्हणजे पिष्टासोबत आणखी पिष्टच खातो.

ज्वारीची भाकरी मधुमेह्यास कितीही चालते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. ज्वारीत चोथा अधिक असल्याने ती मैद्याहून निश्चित चांगली. तथापि ७५ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ५० ग्रॅमहून किंचित अधिक कर्बोदके असतात. तीन भाकऱ्या खाल्ल्यास ती दीडशे ग्रॅमवर जातात. गुळाचीही हीच गोष्ट आहे. साखरेऐवजी गूळ घेतल्याने मधुमेह्याचा काहीही लाभ होत नाही. एका कपात दोन चमचे साखर घालून दिवसाकाठी पाच कप चहा घेतल्यास सुमारे ५० ग्रॅम साखर पोटात जाते. म्हणजे एक भाकरी न दिसता खाल्ली जाते. पहिली सुधारणा येथूनच करावी.

दोन ताटांचा हिशेब

आपले नेहमीचे एक ताट घेऊ. दोन भाकऱ्या, ५० ग्रॅम तांदळाचा भात, १०० ग्रॅम बटाट्याची भाजी व एक वाटी पातळ आमटी. यांतील कर्बोदकांची बेरीज १७० ग्रॅमच्या आसपास जाते. प्रथिने मात्र बेताचीच मिळतात, कारण पातळ आमटीत डाळ थोडी व पाणी फार असते.

आता दुसरे ताट पाहू. त्यात ५० ग्रॅम कोरड्या मुगाची घट्ट उसळ, दोन अंडी, दीडशे ग्रॅम पालेभाजी, तितकेच वांग्याचे भरीत, एक वाटी दही व २० ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी आहे. त्यात भाकरी, भात व बटाटा नाही. कर्बोदके सुमारे ५० ग्रॅम होतात आणि प्रथिने ३५ ते ४० ग्रॅम मिळतात. पोट भरते व लवकर भूकही लागत नाही. अंडी न खाणाऱ्या घरात त्यांच्या जागी घरच्या दुधाचे पनीर किंवा उकडलेले सोयाबीन घ्यावे.

केवळ भाकरी काढून घेतली व तिच्या जागी काही दिले नाही, तर माणूस अर्धपोटी राहतो आणि चार दिवसांत पथ्य मोडतो. सव्वाशे ग्रॅम कर्बोदके कमी केली की सुमारे ५०० उष्मांक कमी होतात. माणूस स्थूल असल्यास ही तूट काही अंशी हितकर ठरते. तो कृश असेल किंवा दिवसभर कष्टाचे काम करीत असेल, तर ही तूट शेंगदाणे, तीळ, जवस, तेल, दही व डाळी यांनी भरून काढलीच पाहिजे.

एक स्वयंपाक, तीन ताटे

या योजनेचे मर्म वाढण्याच्या क्रमात आहे. प्रथम उसळ, भाजी, कोशिंबीर व दही सर्वांना भरपूर वाढावे आणि भाकरी शेवटी वाढावी. मधुमेही प्रौढाच्या ताटात भाकरी व भात वाढू नये, किंवा वैद्याने सांगितल्यास अर्धी भाकरी द्यावी. शेतात राबणाऱ्या निरोगी तरुणाच्या ताटात दोन भाकऱ्या असाव्यात. वाढत्या मुलांस व गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस भाकरी वा भात नेहमीप्रमाणे द्यावा, मात्र त्यांच्याही वाटीत उसळ व दूध वाढवावे. मुलांचे धान्य तोडणे हा या पाठाचा उद्देश नाही. कुटुंबासाठी उसळ-भाजी नेहमीच्या दुप्पट शिजते व भाकऱ्या कमी थापाव्या लागतात. त्यामुळे गृहिणीचे काम फारसे वाढत नाही.

आठवड्याच्या मुख्य जेवणाची एक योजना पुढे दिली आहे. गावच्या पिकांप्रमाणे व हंगामाप्रमाणे तीत फेरफार करावा.

सोमवार : मुगाची घट्ट उसळ, वांग्याचे भरीत, काकडीची कोशिंबीर, ताक.

मंगळवार : मुगाची डाळ घातलेली मेथीची भाजी, अंड्यांची भुर्जी किंवा पनीर, जवसाची चटणी, दही.

बुधवार : मटकीची उसळ, कोबीची भाजी, दही घातलेली मुळ्याची कोशिंबीर.

गुरुवार : शेवग्याच्या शेंगा घातलेले तुरीचे घट्ट वरण, तिळकूट लावलेली गवारीची भाजी, दही.

शुक्रवार : मुगाची दोन लहान धिरडी, त्यांत पालकाची कोरडी भाजी, कारळ्याची चटणी, ताक.

शनिवार : सोयाबीनची उसळ, दोडक्याची किंवा दुधीची भाजी, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर.

रविवार : कोंबडी किंवा मासळीचा रस्सा, शाकाहारी घरात पनीरचा रस्सा, सोबत पालेभाजी व काकडी. रस्सा दाट करण्यास पिठाऐवजी दाण्याचे किंवा तिळाचे कूट वापरावे.

सकाळच्या न्याहरीस पोहे किंवा उपमा न करता मूठभर भाजलेले शेंगदाणे, उकडलेली अंडी, धिरडे किंवा दही घ्यावे. शेतावर जेवण न्यावयाचे असल्यास उसळ कोरडी करावी. उन्हाळ्यात ती लवकर आंबते, म्हणून दुपारच्या आतच संपवावी.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा, भगर, रताळी व बटाटा यांनी सर्व आठवड्याचे पथ्य एका दिवसात मोडते. त्याऐवजी दाण्याची आमटी, दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी, काकडी, दही व ताक घ्यावे. औषध घेणाऱ्या मधुमेह्याने मात्र निरंकार उपवास वैद्यास विचारल्याशिवाय मुळीच करू नये.

पथ्यात मिठाकडेही लक्ष असावे. चटणी, लोणचे व पापड यांतून मीठ नकळत पोटात जाते. दिवसाचे एकूण मीठ प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे सुमारे एक लहान चमचा, याहून अधिक नसावे.

हे सर्व शेतातून कसे मिळेल?

भाकरी स्वस्त व इतर सर्व महाग, हा आक्षेप खरा आहे. बाजारातून विकत आणावयाचे झाल्यास ही योजना सामान्य कुटुंबास झेपणार नाही. परंतु शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. तूर, मूग, हरभरा व सोयाबीन तो स्वतः पिकवितो, पण मळणी होताच सर्व माल बाजारात जातो व पुढे तीच डाळ तो किराणा दुकानातून पावशेर पावशेर आणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० उष्मांकांच्या आहारात माणशी दररोज ८५ ग्रॅम कडधान्ये सुचविली आहेत. पाच माणसांच्या कुटुंबास या मानाने वर्षास सुमारे दीड क्विंटल कडधान्य लागते. तेवढा घरचा वाटा प्रथम वेगळा काढावा, कडक उन्हात वाळवून कोरड्या कोठीत साठवावा आणि मगच उरलेला माल विकावा.

सोयाबीनमध्ये ३५ ते ४० टक्के प्रथिने असतात. आपल्या राज्यात ते उदंड पिकते, पण ते पिकविणाऱ्याच्या ताटात क्वचितच दिसते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात व ते उष्णतेने नष्ट होतात. म्हणून सोयाबीन रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि दाणे मऊ होईपर्यंत चांगले शिजवावे. पेरणीसाठी औषध लावलेले बी मात्र कोणत्याही परिस्थितीत खाण्यास घेऊ नये.

त्याच संस्थेने भाज्या माणशी दररोज ४०० ग्रॅम सुचविल्या आहेत. पाच माणसांस त्या दोन किलो लागतात. यास्तव परसबाग हवीच. न्हाणीचे पाणी जेथे जाते तेथे मांडव घालून दुधी, दोडका, पडवळ व कारली यांचे वेल चढवावेत. मेथी व पालक एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरावा. मेथी महिन्याभरात काढणीस येते, त्यामुळे भाजीत खंड पडत नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावावीत. तामिळनाडू कृषि विद्यापीठाच्या पेरियाकुलम येथील केंद्रातून आलेली पी.के.एम.-१ ही जात लवकर फळावर येते. तिच्या शेंगा व पाला दोन्ही खाण्यास उपयोगी पडतात. परसात आठ-दहा कोंबड्या असल्यास अंड्यांचाही प्रश्न बराचसा सुटतो.

धोक्याची सूचना

मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिनची टोचणी यांची मात्रा नेहमीच्या जेवणाच्या अंदाजाने ठरविलेली असते. औषध तेच ठेवून एकाएकी भाकरी व भात बंद केल्यास रक्तशर्करा धोकादायकपणे खाली जाऊ शकते. माणसास घाम सुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते, तो असंबद्ध बोलू लागतो व प्रसंगी बेशुद्ध पडतो. शेतात एकट्याने काम करताना असे घडल्यास जिवावर बेतते. म्हणून औषध घेणाऱ्या व्यक्तीने आधी डॉक्टरांस भेटावे, आपण धान्य कमी करणार असल्याचे स्पष्ट सांगावे आणि औषधाची मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये.

वरील लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तेवढीच द्यावी व दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. औषधोपचार चालू असलेल्या प्रत्येकाने शेतावर जाताना साखरेची पुडी खिशात ठेवावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. गरोदर स्त्रियांनी व मुलांनी धान्य वर्ज्य करण्याचा हा प्रयोग करू नये.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्याने सर्व गावास एकदम उपदेश करण्याऐवजी इच्छुक अशी चार-पाच कुटुंबे निवडावीत. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तशर्करा आरोग्य उपकेंद्रात तपासून घेण्यासाठी आशा सेविकेचे सहकार्य मिळवावे. उपाशीपोटीची शर्करा १२६ किंवा अधिक भरल्यास मधुमेहाची शंका धरून डॉक्टरांकडे पाठवावे. १०० ते १२५ च्या दरम्यान भरल्यास तो माणूस उंबरठ्यावर आहे असे समजावे. अशा व्यक्तीस औषध सुरू नसल्याने आहारातील बदल सुरक्षितपणे करता येतो, व त्याचा लाभही मोठा असतो.

निवडलेल्या घरी जाऊन पुरुषांबरोबर गृहिणीशीही बोलावे. घरात वर्षाला किती डाळ राखली, परसात कोणती भाजी आहे, चहात साखर किती पडते, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. एकाच वेळी सर्व बदल सुचवू नयेत. पहिल्या आठवड्यात चहाची साखर, दुसऱ्या आठवड्यात बटाटा व भात, तिसऱ्यात रात्रीची भाकरी, असा क्रम ठेवावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून आकडे कुटुंबास समजावून सांगावेत. घरच्याच माणसाची शर्करा उतरलेली दिसली की पुढील उपदेशाची गरज पुष्कळ कमी होते.

ज्वारीचे पीक आपण यापुढेही घेणारच आहोत आणि भाकरीचा मानही राहणारच आहे. परंतु ज्याच्या शरीरास ती सोसत नाही, त्याला तिच्या जागी काय द्यावे याची तजवीज पेरणीच्या वेळीच झाली पाहिजे. येत्या हंगामाचा पेरा ठरविताना बाजाराच्या भावाबरोबरच घरच्या ताटाचाही हिशेब मांडावा, ही शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.