ठणठणीत बाळाची तपासणी कशाला?

प्रश्न : माझं बाळ सव्वातीन महिन्यांचं, अंगावर पितं, छान खेळतं. मागच्या लसीनंतर ताप आला होता. आता आशाताई पुन्हा उपकेंद्रात बोलावतात. सासूबाई म्हणतात, धडधाकट लेकराला सारखं तोलू नये. नेऊ का?
– एक आई, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर : ताई, जरूर न्या. ही तपासणी आजारी बाळासाठी नसतेच. वजन, लांबी, डोक्याचा घेर मोजून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवतात. शेजारच्या बाळाशी तुलना नको. आपल्याच बाळाची रेघ वर चढतेय ना, एवढं पाहा. डॉक्टर टाळू, डोळे, हृदय, मांड्यांचे सांधे तपासतील. बाळ नजर फिरवतं का, आवाजाला दचकतं का, असंही विचारतील. शंका मनात ठेवू नका.

चौदाव्या आठवड्याला पेंटा, पीसीव्ही आणि पोलिओ अशा तीन सुया; शिवाय पोलिओ व रोटाचे थेंब. नंतर दीड-दोन दिवस ताप येणं नेहमीचं आहे. पॅरासिटामॉलची मात्रा वजनानुसार विचारून घ्या. सुईची जागा चोळू नका, शेकू नका. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका. मागच्या वेळी झटका आला असेल किंवा बाळ निपचित पडलं असेल, तर मात्र आधी सांगा.

गुटी, ग्राइप वॉटर, पाणी सहा महिन्यांपर्यंत नकोच. सासूबाईंनाही सोबत न्या, डॉक्टरांकडूनच ऐकू द्या.

बाळ दूध ओढेना, छाती आत ओढत श्वास घेऊ लागलं किंवा झटका आला, तर थांबू नका. १०८ला फोन करून थेट कळंबचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.