वाहने धुण्याचा फिरता व्यवसाय आणि पाण्याचा पुनर्वापर

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहावयास येणारा प्रवासी भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याकडे घटकाभर पाहतो आणि पुढे जातो. ते पाणी तेथवर कसे आले व पुढे काय काय करीत गेले, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. अठराव्या शतकातील या योजनेत हर्सूलच्या बाजूचे पाणी जमिनीखालील मातीच्या नळांतून काही मैलांवरून आणलेले होते. त्याने आधी जाते फिरविले, मग हौद भरला, हौदाच्या तळाखालील दालनास गारवा दिला आणि शेवटी ते खामच्या पात्रात गेले. एका पाण्याकडून इतकी कामे करवून घेणारी ही माणसे पाण्याच्या बाबतीत हिशेबी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच हर्सूलच्या रस्त्यांवर आज पाण्याचा निराळाच व्यवहार दिसतो. हर्सूल आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. मोटारी आणि दुचाकी वाढल्या, तशी त्या धुऊन देणारी ‘वॉशिंग सेंटर’ही वाढली. आता तर छोट्या टेम्पोवर पाण्याची टाकी आणि प्रेशर पंप बसवून घरोघर जाऊन वाहने धुऊन देण्याचा फिरता व्यवसाय शहरांतून रूढ होत आहे. थोड्या भांडवलात उभा राहणारा हा धंदा तरुणांना सोयीचा वाटतो, आणि त्यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो गाडीवरून खाली उतरणाऱ्या काळ्या पाण्याचा.

शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून येते. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाचे पाणी पंपांनी चढवून सुमारे ४५ किलोमीटरवरून आणावे लागते, आणि तरीही गेल्या काही वर्षांत शहराच्या अनेक भागांत नळाला पाणी काही दिवसांआड आलेले आहे. हर्सूलच्या तलावाचा आधार जुन्या शहरातील काही वस्त्यांना मिळत आला आहे. आता जटवाड्याच्या डोंगराकडून येणारी खाम नदी पाहावी. हर्सूलवरून ती शहरात शिरते, शहराचे सांडपाणी घेते आणि पुढे नाथसागराच्याच पाण्यास जाऊन मिळते. म्हणजे गाडी धुण्यासाठी जे पाणी एवढा खर्च करून वर आणले, तेच तेल, साबण आणि गाळ घेऊन गटारातून पुन्हा मूळ साठ्याकडे निघते. पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु बैलाच्या अंगावर इंजिनचे तेल नसते, हा फरक विसरून चालणार नाही.

मळाचे स्वरूप

हे पाणी पुन्हा वापरता येईल काय, याचे उत्तर त्यात काय मिसळले आहे यावर अवलंबून आहे. त्यात प्रामुख्याने तीन गोष्टी असतात : माती, तेलकट पदार्थ आणि साबण. यांपैकी माती काढणे सर्वांत सोपे असा समज आहे. मराठवाड्यात तो खरा ठरत नाही.

मातीचा कण जितका बारीक, तितका तो पाण्यात सावकाश खाली बसतो. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण एक मीटर खोल पाण्यात सुमारे दोन मिनिटांत तळ गाठतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पोयट्याच्या कणास तीन तास लागतात. त्याहूनही दहापट बारीक अशा चिकणमातीच्या कणास मात्र आठवड्याहून अधिक काळ लागतो, आणि पाणी जरा हलले तर तो बसतच नाही. आपल्या काळ्या जमिनीत अशा चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. म्हणून पावसाळ्यात शेताकडून आलेली गाडी धुतली की ते पाणी दोन दिवस पिंपात ठेवले तरी गढूळच राहते. परदेशी पुस्तकांतील आराखडे पाहून नुसती निवळण्याची टाकी बांधणाऱ्याची येथेच फसगत होते.

यावरील उपाय घरोघरी ठाऊक आहे. बारीक कणांवर ऋण विद्युत्भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटी हा भार निष्प्रभ करते. कण एकत्र येतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. आपल्या आज्या निवळीचे बी उगाळून माठात घालीत, त्यामागेही असेच तत्त्व होते. तुरटी किती घालावी, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. काचेच्या पाच बरण्यांत एकेक लिटर मळके पाणी घ्यावे व त्यांत अनुक्रमे २०, ४०, ६०, ८० आणि १०० मिलिग्रॅम तुरटी विरघळवावी. एक मिनिट जोराने व दहा मिनिटे हळुवार ढवळून अर्धा तास स्थिर ठेवावे. ज्या बरणीत सर्वांत कमी तुरटीत पाणी निवळले, ते त्या दिवसाचे प्रमाण होय. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज करता येतो, आणि शिक्षकांनी तो मुलांकडून जरूर करवून घ्यावा. इतक्या कमी वजनाची तुरटी साध्या तराजूवर मोजता येत नाही. त्यासाठी दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावी. या द्रावणाच्या प्रत्येक दोन मिलिलिटरांत २० मिलिग्रॅम तुरटी येते.

तेलाचे गणित उलट आहे. मोकळे तेल पाण्यावर तरंगते, तेव्हा टाकीतून पाणी खालच्या बाजूने काढले की तवंग वर राहतो. परंतु तीव्र साबण वापरल्यास तेलाचे अतिसूक्ष्म थेंब होऊन ते पाण्यात विखुरतात आणि मग तवंग धरतच नाही. म्हणून सौम्य साबण आणि तोही मोजून वापरणे, ही या योजनेची पहिली अट आहे. इंजिन धुण्याचे काम फिरत्या व्यवसायाने मुळीच स्वीकारू नये. ते पक्की फरशी आणि तेलसापळा असलेल्या ठिकाणीच व्हावे.

गाडीवर गोळा करावे, ठाण्यावर शुद्ध करावे

सर्व यंत्रणा टेम्पोवरच बसवावी, असा मोह नव्या उद्योजकास होतो. तो टाळावा. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते आणि छोटे मालवाहू टेम्पो बहुधा पाऊण टनाच्या आसपासच माल वाहतात. त्यात वाळूची गाळणी, कोळशाचे पिंप व निवळण्याची टाकी बसविली, तर पाण्यास जागाच उरणार नाही. शिवाय हलत्या वाहनात गाळ खाली बसत नाही. म्हणून टेम्पोवर फक्त पाणी गोळा करण्याची सोय असावी आणि शुद्धीकरण ठाण्यावर, म्हणजे व्यावसायिकाच्या जागेवर व्हावे.

गोळा करण्यासाठी जाड, तेलाने न बिघडणारी ताडपत्री किंवा रबरी पट्टा लागतो. साधारण साडेपाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा पट्टा एका मोटारीस पुरतो. त्याच्या चारही कडा आठ-दहा सेंटीमीटर उंच राहतील अशी व्यवस्था करावी. उच्च दाबाचा पंप मिनिटाला आठ ते बारा लिटर पाणी सोडतो, म्हणजे दहा मिनिटांच्या धुण्यास सुमारे १०० लिटर पाणी जाते. हे पाणी एवढ्या पट्ट्यावर सपाट पसरले तर त्याची जाडी जेमतेम सहा मिलिमीटर होते, आणि इतक्या पातळ थरातून साधा पंप पाणी ओढू शकत नाही. म्हणून जमिनीचा उतार पाहून गाडी उभी करावी, सखल कोपऱ्यात पाणी साचू द्यावे आणि ओले शोषण करणाऱ्या व्हॅक्यूम यंत्राने ते उचलावे. नळीच्या तोंडाशी जाळी असावी. ही एवढीशी बाब सांभाळली नाही, तर पुढची सारी योजना कागदावरच राहते.

टेम्पोवर स्वच्छ पाण्याची एक आणि मळक्या पाण्याची एक, अशा दोन टाक्या असाव्यात. पहिली रिकामी होत जाते तशी दुसरी भरत जाते, त्यामुळे पाण्याचे एकूण वजन सकाळी निघताना होते त्यापेक्षा वाढत नाही. जागा मात्र दोन टाक्यांची लागते. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि वाहन कलण्याचा धोका संभवतो. टाकीत आडव्या फळ्या असणे म्हणूनच आवश्यक आहे. एका फेरीस ४०० लिटर पाणी नेऊन चार गाड्या धुवाव्यात, दुपारी ठाण्यावर येऊन मळके पाणी उतरवावे, स्वच्छ पाणी भरावे व पुन्हा चार गाड्या धुवाव्यात, ही पद्धत व्यवहार्य ठरते.

ठाण्यावरील यंत्रणा

ठाण्यावर निमुळत्या तळाची सुमारे ६०० लिटरची टाकी उंचावर ठेवावी. दिवसभराचे पाणी तीत सोडून प्रथम वरील तवंग काढून घ्यावा, मग ठरलेल्या प्रमाणात तुरटी घालून ढवळावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. पाणी काढण्याचा नळ तळापासून वीतभर उंचीवर असावा. गाळासाठी तळाशी वेगळा नळ ठेवावा. सकाळी हे निवळलेले पाणी वाळूच्या गाळणीतून सोडावे. त्यासाठी २०० लिटरचे साधे पिंप चालते : तळाशी गोटे, त्यावर खडी आणि वर ६० सेंटीमीटर धुतलेली, अर्धा ते एक मिलिमीटरची वाळू. अशा पिंपातून ५०० लिटर पाणी अर्ध्या तासाच्या आत गाळून होते. वाळूपुढे नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाचा थर असावा. उरलेल्या तेलाचा अंश, साबण आणि वास त्यात धरला जातो. शेवटी बारीक जाळीची कार्ट्रिज गाळणी हवी, कारण पाण्यात राहिलेला एखादा कणही प्रेशर पंपाच्या झडपा व तोटी खराब करतो. वाळू तुंबली की पाणी उलट दिशेने सोडून ती धुवावी आणि ते पाणी पुन्हा निवळण्याच्या टाकीतच घ्यावे.

पाणी स्वच्छ दिसले म्हणजे झाले, असे मात्र नाही. उच्च दाबाने उडणारे तुषार कामगाराच्या श्वासाबरोबर आत जातात. साठवलेल्या उबदार पाण्यात जंतू वाढलेले असतील, तर त्यांचा उपद्रव होऊ शकतो. म्हणून ५०० लिटरला सुमारे पाच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालून अर्धा तास थांबावे. चाकांची धातूची रिमे साफ करण्यासाठी जे आम्लयुक्त द्रव मिळतात, ते या पावडरीच्या जवळपासही ठेवू नयेत. दोन्हींचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. सर्व टाक्यांना घट्ट झाकणे असावीत, अन्यथा त्यांत डेंग्यूच्या डासांची पैदास होईल.

क्षारांचा प्रश्न गाळणीने सुटत नाही. वाळू व कोळसा विरघळलेले क्षार धरीत नाहीत, आणि बोअरचे जड पाणी वापरले तर प्रत्येक फेरीत त्यांचे प्रमाण थोडे वाढते. गाडीच्या रंगावर पांढरे डाग उठू लागले, म्हणजे ही वेळ आली असे समजावे. क्षार मोजण्याचा लहान मीटर ठेवणे उत्तम. पाण्यातील क्षार मूळच्या दुप्पट झाले की काही पाणी बदलावे, आणि शेवटचा हात नेहमी ताज्या पाण्याचा द्यावा. त्यास गाडीमागे १५ लिटर पुरतात.

हिशेब असा मांडता येईल. रोज आठ गाड्या आणि प्रत्येकी १०० लिटर धरले, तर पुनर्वापराविना ८०० लिटर ताजे पाणी लागते. काही पाणी उडते, काही गाडीवर राहते, काही वाफ होते. त्यातून शेकडा ७० टक्के हाती आले असे मानले, तर ५६० लिटर पाणी दुसऱ्या दिवशी कामास येते आणि ताजे पाणी २४० लिटरच लागते. शेवटच्या हाताचे १२० लिटर या २४० मध्येच आले. वर्षाचे ३०० दिवस काम चालले, तर ही बचत १ लाख ६८ हजार लिटरांची होते. १० हजार लिटरचे जवळजवळ सतरा टँकर! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा दहा वाघिणींच्या पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचविले होते. असे तीन टेम्पो वर्षभरात जेवढे पाणी वाचवितील, ते एवढेच भरते.

नियम आणि स्थानिक संस्था

जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ मध्ये झाला. त्याच्या कलम २४ अन्वये दूषित द्रव्ये जाणूनबुजून नदीनाल्यात, गटारात किंवा जमिनीवर सोडण्यास मनाई आहे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात तेल व वंगण लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा आणि तरंगते कण १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये पिण्यायोग्य भूजलाच्या अपव्ययास मनाई करणारा आदेश काढला. बंगळूरच्या जलमंडळाने मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी करून पाच हजार रुपये दंड ठेवला होता. दंडाने धाक बसतो हे खरे. पण ज्याचे पोट या धंद्यावर आहे, त्यास दुसरा मार्ग दाखविल्यावाचून बंदी फार दिवस टिकत नाही, असाच सर्वत्र अनुभव आहे.

या ठिकाणी ग्रामपंचायती आणि नगरपालिका पुष्कळ करू शकतात. व्यवसायास परवानगी देतानाच गोळा करण्याचा पट्टा आणि ठाण्यावरील निवळण्याची टाकी प्रत्यक्ष पाहावी. तलावाच्या काठी आणि नदीपात्रात वाहने धुण्यास मनाई करावी व त्याऐवजी फरशी, नाली आणि तेलसापळा असलेली एक सामाईक जागा नेमून द्यावी. पाच-सहा व्यावसायिकांनी मिळून एकच शुद्धीकरण यंत्रणा चालविली, तर प्रत्येकाचा खर्च बराच कमी होतो आणि देखरेखही सुकर होते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो गाळ. पाणी वाचविल्याच्या समाधानात टाकीच्या तळाचा काळा चिखल रात्री गटारात ओतला जातो, आणि मग सारा खटाटोप व्यर्थ होतो. हा चिखल छपराखाली, सिमेंटच्या कट्ट्यावर वाळवावा. त्यात तेलाचा अंश असल्यामुळे तो शेतात टाकू नये किंवा खड्ड्यात पुरू नये. वर काढलेला तवंग झाकणाच्या डब्यात वेगळा साठवावा. वापरलेले तेल आणि तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात, म्हणून ते अधिकृत संकलकाकडेच द्यावयाचे असतात. दिलेल्या मालाची पावती फाइलीस लावावी, आणि रोज किती लिटर पाणी आले, किती तुरटी पडली व किती पाणी परत मिळाले, याची नोंद एका वहीत ठेवावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम ही वही मागवावी.