उथळ समुद्रातील मत्स्यपिलांची सालवारी

शेतकी मासिकात मासळीचा विषय कशास, असा प्रश्न काही वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर असे की, कोकणपट्टीत खाजणाच्या बांधाच्या एका अंगास भात व दुसऱ्या अंगास मासळी असते, आणि बांध, उघाडी व खारफुटी ह्यांचे काय करावयाचे हे पुष्कळदा शेतकरीच ठरवितो. शिवाय पिकास जसे सुकाळ-दुष्काळाचे साल असते, तसे मासळीच्या पिलांसही असते. त्याची मोजणी कशी करतात व तीवरून काय कळते, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम हा चढउतार इतका मोठा का असतो ते पाहू. भाताचा एक दाणा पेरला तर त्याचे किती होतील ह्याचा अजमास शेतकऱ्यास असतो. मासळीचे तसे नाही. उत्तरेकडील समुद्रातील कॉड ह्या माशाची एक मादी एका हंगामात काही लाख, मोठी असल्यास काही दशलक्ष अंडी सोडते. त्यांतून सगळ्या आयुष्यात दोनच पिले वाढून प्रजननक्षम झाली, तरी त्या जातीची संख्या कायम राहते. दशलक्षांत दोहोंच्या ऐवजी चार वाचली तर संख्या दुप्पट, एकच वाचले तर निम्मी. म्हणजे मरणाच्या प्रमाणात नजरेस न येणारा फरक पडला, तरी उरलेल्या पिलांच्या संख्येत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाण्याची ऊब, वाऱ्याची दिशा, अन्न वेळेवर मिळणे, ह्यांतील काहीही थोडे इकडे-तिकडे झाले की साल पालटते.

नॉर्वे देशाचे योहान योर्ट ह्यांनी १९१४ साली हे तत्त्व स्पष्ट मांडले. माशाच्या खवल्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षागणिक वलये उमटतात. ती मोजून त्यांनी दाखविले की, हेरिंग माशांत १९०४ साली जन्मलेली पिढी एकटीच पुढे कित्येक वर्षे जाळ्यांत बहुसंख्येने येत राहिली. मागच्या-पुढच्या सालांच्या पिढ्या तिच्यापुढे क्षुल्लक होत्या. मासळी वाढली वा घटली, ती दूर कोठे निघून गेली म्हणून, असा पूर्वी समज असे. खरे कारण पुष्कळदा काही वर्षांपूर्वीच्या पिलांच्या सालात असते.

आता मोजणीची गोष्ट. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर आरेंडालजवळ फ्लोदेविगेन येथे कॅप्टन डानेविग नावाच्या गृहस्थांनी १८८२ साली कॉडची अंडी उबविण्याचे केंद्र काढले. कोट्यवधी नवजात पिले दरवर्षी समुद्रात सोडली जात. किनाऱ्यावर मासळी वाढली की श्रेय केंद्रास मिळे. योर्ट ह्यांनी शंका घेतली: पिले आपोआपही कमी-जास्त होतात, मग ही वाढ तुमची कशावरून? वाद पुष्कळ झाला. अखेर १९१९ सालापासून एक नोंद सुरू झाली, आणि महायुद्धाची मधली काही वर्षे वगळता ती आजतागायत चालू आहे. दर शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, ठरलेल्या जागी किनाऱ्यावरून जाळे ओढावयाचे व आलेली पिले जातवार मोजावयाची. जाळे म्हणजे आपली रापणच, मात्र लहान. लांबी सुमारे चाळीस मीटर. कॉडची त्या सालची पिले तेव्हा बोटभर ते पाऊण वीत लांब असतात व गवताळ उथळ पाण्यात राहतात. खोल समुद्रात ज्यांचा ठाव लागणे कठीण, ती ह्या वयात किनाऱ्यावरून दोराने ओढून हाती येतात.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असताना पिकाच्या आणेवारीचे कागद पुष्कळ हाताळले आहेत. पुढे तीस पैसेवारी म्हणू लागले, पण प्रश्न तोच राहिला: नजरेने ठरविलेला अंदाज खरा, की ठरल्या तुकड्यात कापून मोजलेले धान्य खरे? फ्लोदेविगेनच्या वहीचे मोल आम्हांस वाटते ते ह्यासाठी की, तीत नजरअंदाज नाही. तीच जागा, तोच हंगाम, तेच जाळे. जाळे बदलले असते तर मासा बदलला की जाळे, हे सांगता आले नसते.

ह्या वहीतून निघालेली काही फळे मनोरंजक आहेत. कॉडच्या पिलांची संख्या दोन-अडीच वर्षांच्या अंतराने खालीवर होण्याकडे कल दाखविते. ह्याचे एक मुख्य कारण अभ्यासकांनी असे दिले की, गेल्या सालची मोठी पिले यंदाच्या लहान पिलांस खातात व त्यांचे अन्नही बळकावतात. भरघोस सालामागून ओढीचे साल येते ते त्यामुळे. दुसरे असे की, १९३० नंतरच्या काही वर्षांत फितीसारख्या पानांचे समुद्री गवत एका रोगाने त्या किनाऱ्यावर बहुतेक नष्ट झाले, तेव्हा पिलांची संख्याही घसरली. आसरा गेला की पिले शत्रूच्या तोंडी पडतात. आणि ज्या वादासाठी वही उघडली त्याचा निकाल? पिले सोडणे १९७१ पर्यंत चालले. पुढे जुन्या नोंदी बारकाईने तपासल्या असता, सोडलेल्या पिलांमुळे किनाऱ्यावरील कॉड सरसकट वाढल्याचे दिसून आले नाही. नैसर्गिक चढउतारापुढे माणसाची देणगी दिसेनाशी झाली. ही नोंद नसती तर केंद्र आजही आपली पाठ थोपटीत बसले असते, असे म्हटल्यास आम्हांस कोणी कठोर म्हणू नये.

अलीकडील सालांत तेथील कॉडची दशा वाईट आहे, आणि २०१९ च्या जून महिन्यात टेलेमार्कपासून स्वीडनच्या सरहद्दीपर्यंतच्या पट्टीत हौशी मासेमारांस कॉड धरण्याची बंदी झाली. मागील सालांशी ताडून पाहण्यास वही हाताशी होती म्हणूनच ही घसरण एखाद्या वाईट सालाची नव्हे, हे सांगता आले.

आता आपल्याकडे वळू. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, जिची स्थापना १९४७ साली झाली, बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज नियमित काढते. तो मोलाचा आहे. परंतु उतरलेली मासळी हे तयार पीक झाले, रोपांची गणना ती नव्हे. आपल्या खाड्यांत कोळंबीच्या कित्येक जातींची पिले समुद्रात जन्मून भरतीबरोबर आत येतात, खारफुटीच्या मुळांत काही महिने वाढतात व मग समुद्रात परततात. उघाडीच्या, गोव्याकडे ज्यास मानस म्हणतात त्याच्या, तोंडाशी बारीक आसाचे जाळे लावले की हीच पिले ओहोटीस अडकतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरविले ते लहान मासळी वाचावी म्हणूनच. ह्या नियमाने पिले वाढली की नाही, हा प्रश्न पुढेमागे विचारला जाईलच, व तेव्हा आधीच्या सालांची नोंद मागितली जाईल.

ती ठेवण्यास मोठा खर्च लागत नाही. रापण ओढणारे बांधव अद्याप सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आहेत. खाजणवाल्यांपाशी पाग असतो. पावसाळा संपल्यावर एक ठरलेली तिथी घ्यावी, कारण भरती-ओहोटी तिथीप्रमाणे चालते. इंग्रजी तारखेने दरवर्षी पाणी निराळे सापडेल. तीच जागा, तेच जाळे, आसाचे माप वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले. पिले जातवार मोजून जिवंत परत सोडावी. पाणी गढूळ होते की निवळ, शेजारची खारफुटी तोडली गेली काय, उघाडी कोणत्या महिन्यात उघडली, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहावे. रिकामे जाळे आले तर शून्य लिहावे. रकाना कोरा सोडू नये, कारण कोऱ्या रकान्यावरून मासळी नव्हती की मोजणारा आला नव्हता, हे दहा वर्षांनी कोणास सांगता येणार नाही.